फूटपाथकडचं चाक

२ फेब्रुवारी

चाक पुन्हा थरथरायला लागलं. पुढचं, फूटपाथकडचं. वेग साठच्या वर गेला की स्टेअरिंग असं कापतं, बघणाऱ्याला वाटावं मलाच हुडहुडी भरली आहे. दोन महिन्यांतली ही तिसरी खेप. दर वेळी कोणीतरी काहीतरी ठोकून देतो, चार दिवस बरे जातात, की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

एरवी मी इतकं मनावर घेतलं नसतं. पण लेकीची तारीख अठ्ठावीस आहे. पहिलंच बाळंतपण. ती राहते दोनशे दहा किलोमीटरवर, मध्ये घाट. हिने कॅलेंडरवर चोवीस तारखेला लाल गोल करून ठेवलाय, आणि हिचा गोल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. जावई म्हणतो, बसने या. बसमध्ये पाळणा कुठे ठेवू, डोक्यावर? लेक ज्यात निजली तो पाळणा मी स्वतः घासूनपुसून, पॉलिश करून तयार ठेवलाय. तो गाडीतूनच जाणार, आणि गाडी मीच चालवणार.

म्हणजे बावीस दिवसांत एक प्रामाणिक मेकॅनिक शोधायचा. बत्तीस वर्षं वजनमाप खात्यात निरीक्षक होतो. पारड्याखाली चिकटवलेली मेणाची गोळी मी दुकानाच्या दारातून ओळखायचो. लबाड माणूस मला लगेच सापडतो, प्रामाणिक शोधायची सवय नाही.

ही वहीसुद्धा नवी आणली तर रेघा इतक्या फिकट की ओळ कुठे चाललीय देव जाणे. कागदवालेही चोर.

४ फेब्रुवारी

काचेच्या भिंतींच्या मोठ्या दुकानात गेलो. बसायला सोफा, समोर पडदा, पडद्यावर माझ्या गाडीच्या चाकांची लाल-हिरवी चित्रं. टायवाले गृहस्थ म्हणाले, चारही टायर बदला. मी म्हटलं, थरथरतंय एक आणि बदलायची चार? तर म्हणे, एका वयाची चाकं एकमेकांशी जुळवून घेतात. घरी येऊन हे सांगितलं तेव्हा ही म्हणाली, माणसांचं तसं असतं तर काय हवं होतं. कोणाला उद्देशून बोलली ते कळलं नाही.

निघण्यापूर्वी मी त्यांच्या यंत्राच्या तपासणीचा दाखला मागितला. तो वरच्या ऑफिसात असतो म्हणाले. वरच्या ऑफिसात असलेल्या दाखल्यांवरच माझी नोकरी झाली. चहा न घेता निघालो.

७ फेब्रुवारी

आज हिला बरोबर घेऊन झाडाखालच्या मेकॅनिककडे गेलो. याचं नाव मी गोडबोल्या ठेवलंय. गाडी सकाळी त्याच्याकडे टाकली, अकरा वाजता परत गेलो तर त्याने चेहरा पाडून माझ्या तळहातावर एक काळंकुट्ट बेअरिंग ठेवलं. म्हणाला, साहेब, हे तुमचं, वेळेवर आलात, नाहीतर चाकच निखळलं असतं.

मी खिशातून व्हर्नियर काढला. निवृत्त झालो म्हणून माप मोजायचं थोडंच सोडलंय. गाडीच्या पुस्तकात व्यास चौसष्ट मिलिमीटर दिलाय. आकडे हिला वाचायला लावले, कारण झाडाखाली उजेड कमी होता. बावन्न निघाले. गोडबोल्या म्हणाला, झिजलं असेल. बारा मिलिमीटर झिजलेलं बेअरिंग! म्हटलं, बाबा रे, हे कुठल्यातरी दुसऱ्या गाडीचं आहे, तिला शोधून परत घाल. माझं बेअरिंग जागच्या जागी होतं, त्याने चाकाला हातही लावला नव्हता.

हिला इतकं हसू आलं की परत येताना बोलताच येईना. मला मात्र चोवीस तारीख दिसत होती.

८ फेब्रुवारी

गाडीत बसलो तर गुडघे स्टेअरिंगला. सीट चार बोटं पुढे सरकवलेली, आरसा खाली झुकलेला. गोडबोल्या बुटका आहे, तोच बसला असणार, काल रागाच्या भरात माझ्या लक्षात आलं नाही. सगळं मागे घेतलं.

९ फेब्रुवारी

गाडी पूर्वीपेक्षा जास्त पेट्रोल खाते. पंपावर जाऊन पाच लिटरचं माप भरून दाखवायला लावलं. माप अचूक निघालं. मागे आठ गाड्यांची रांग लागली होती आणि लोक काहीबाही बोलत होते. पंपवाल्याची माफी मागावी लागली. मग पेट्रोल जातं कुठे?

११ फेब्रुवारी

आज हीच म्हणाली, भाजीबाजारामागे एक चाकवाली आहे, तिला दाखवून बघा. तुला कशी माहीत, विचारलं. म्हणाली, फिरायला जाते तेव्हा दिसते. ही गेले तीन महिने रोज सकाळी साडेपाचला फिरायला जाते. मी साडेसातला उठतो तोवर येऊन चहा टाकलेला असतो. इतकं चालून वजन तसूभर कमी झालेलं दिसत नाही, पण त्याबद्दल मी बोलत नाही. एकदा बोललो होतो, तेव्हापासून कानाला खडा.

चाकवाली चाळिशीची असेल. दुकान वडिलांचं, आता तीच चालवते. भिंतीवर पाने मापाप्रमाणे उतरत्या क्रमाने टांगलेले, हे मला आवडलं. बोलणं मात्र अगदी मोजून. तिने गाडी जॅकवर चढवली, चाक हाताने फिरवलं, रिमशी बोट धरून डोळे बारीक करून बघत राहिली. मग म्हणाली, बेअरिंग ठणठणीत आहे, टायर अजून वर्षभर चालेल. रिम एका जागी आत गेलीय आणि टायरची कड घासलीय. कोणीतरी चाक फूटपाथला घासतंय.

मी म्हटलं, आधीच्या मेकॅनिकांनी ठोकताना केलं असेल. तिने हातोडी उचलली, रिम सरळ करून, चाक तोलून परत बसवलं.

काहीच बदलू नका म्हणणारा मेकॅनिक मी आजवर पाहिलेला नाही. यात काहीतरी मोठी गोम असणार. मध्ये तिने चहा दिला. मला विचारलं, साखर किती? हिला विचारलंच नाही, थेट बिनसाखरेचा कप पुढे केला. हिच्याकडे बघून अंदाज केला असेल. माणसं पारखायची नजर आहे म्हणायची.

१२ फेब्रुवारी

ऐंशीने चालवली. स्टेअरिंग कसं शांत! हिला म्हटलं, तुझी चाकवाली बरी निघाली. ही उगाच लाजली.

१४ फेब्रुवारी

संध्याकाळी नेहमीप्रमाणे वाचनालयात बुद्धिबळाला. माझा जोडीदार म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. आज मी त्याचाच उंट माझा समजून हलवला. दोन्ही बाजूंचे मोहरे एकाच रंगाचे झालेत अशी त्यांची पॉलिश उडालीय, नवा संच घ्या म्हणून मंडळाला अर्ज दिला. परतताना रस्त्यावरच्या नव्या दिव्यांचा ताप. एकेका दिव्याला मोराचा पिसारा फुटलेला, समोरची गाडी आली की नुसती आग. कंत्राटात कोणीतरी खाल्लं असणार.

१५ फेब्रुवारी

स्टेअरिंग थरथरलं. चौथ्याच दिवशी!

तडक चाकवालीकडे. हिला सोबत येऊ नको म्हटलं तरी आली. दुकानात मी जरा जास्तच बोललो. पुन्हा यावं म्हणूनच अर्धवट काम करता का, असंही बोललो. ही माझी बाही ओढत होती. चाकवालीने सगळं ऐकून घेतलं, चाकाशी उकिडवी बसली आणि मला बोलावून रिमवरचा ओरखडा दाखवला. ताजा, चकचकीत, वर सिमेंटची पूड. म्हणाली, हे माझ्या हातोडीचं नाही.

मग तिने रिम परत नीट केली आणि खडू घेऊन फूटपाथकडच्या दोन्ही टायरांच्या कडेवर गोल जाड रेघ ओढली. म्हणाली, काका, गाडी धुऊ नका. रोज दोनदा बघा, सकाळी आणि संध्याकाळी घरी आल्यावर. रेघ पुसलेली दिसली की पुन्हा ओढा. चार दिवसांनी सांगा, कधी पुसली जाते. उरलेला खडू माझ्या हातात दिला. काही घेतलंही नाही.

खरं सांगायचं तर मी गार झालो. आम्ही वजनांवर मोहोर मारायचो ती याचसाठी, कोणी हात लावला की कळावं. या बाईने चाकाला मोहोर मारली. मोटारीचा मीटरही लिहून ठेवीन म्हटलं, सवय आहे. ही म्हणाली, मीटर कशाला? म्हटलं, नोंद म्हणजे नोंद. तिचा चेहरा जरा उतरला. दमली असेल.

आज संध्याकाळी घरी आल्यावर मीटर ४८,२११.

१६ फेब्रुवारी

सकाळी ८ : खडू शाबूत. मीटर ४८,२१९.
संध्याकाळी : पुढच्या टायरचा खडू वीतभर पुसलेला. मीटर ४८,२२३.

संध्याकाळचा हिशेब बरोबर, वाचनालय जाऊन-येऊन चार किलोमीटर. पण सकाळी आठ किलोमीटर वाढले कसे? गाडी घरापुढे उभी होती. मीटर नादुरुस्त आहे, गाडी उभी असतानाही पळतो. पेट्रोलचं कोडंही सुटलं: पेट्रोल जास्त जात नाहीय, मीटरच खोटा आहे. दोघांचा एकमेकांशी नीट मेळ बसत नाही, पण चाकानंतर तेही बघू.

१७ फेब्रुवारी

सकाळी : खडू शाबूत. मीटर ४८,२३१. पुन्हा आठ.
संध्याकाळी : पुसलेला. मीटर ४८,२३५.

आता उघड आहे. वाचनालयापुढे गाडी उभी असते तेव्हा कोणीतरी उपद्व्याप करतं. पोस्टमास्तरला पहाऱ्यावर बसवायचं ठरवलं.

१८ फेब्रुवारी

सकाळी : शाबूत. ४८,२४३.
वाचनालय बंद, घरीच होतो. संध्याकाळी : शाबूत. मीटर हलला नाही.

हे तर सिद्धच झालं. चोर वाचनालयापाशीच आहे. लेकीचा फोन आला, पाय सुजलेत, आई कधी येतेय म्हणाली. ही फोन ठेवून बराच वेळ खिडकीशी उभी होती. मी म्हटलं, काळजी करू नको, चोर सापडला की निघालोच. ती हसली नाही.

१९ फेब्रुवारी

सकाळी : शाबूत. ४८,२५१.
संध्याकाळी : पुसलेला. ४८,२५५.

पोस्टमास्तर अर्धा तास खेळ सोडून पायरीवर बसून होता. म्हणाला, गाडीजवळ कुत्रंसुद्धा फिरकलं नाही, तू गाडी लावलीस तेव्हा खर्रकन आवाज झाला तेवढाच. मी म्हटलं, ती खडी असेल. तो म्हणाला, असेल बुवा. पण डोकं खाजवत राहिला. त्याचंही वय झालं.

२० फेब्रुवारी

आजचं सगळं लिहिणार आहे. निरीक्षकाने नोंद गाळायची नसते.

सकाळी दहाला चाकवालीकडे गेलो, ही बरोबर. वही तिच्या हातात दिली आणि वाचनालयात तक्रार करायची झाली तर साक्षीला याल का विचारलं. तिने हात पुसले, चार दिवसांच्या नोंदी दोनदा वाचल्या. मग म्हणाली, "काका, नोंदी फार व्यवस्थित आहेत. पण एक रकाना राहिलाय."

"कुठला?"

"चालक."

मी म्हटलं, त्याला रकाना कशाला लागतो, गाडी मी एकटाच चालवतो. तिने सकाळच्या आठ किलोमीटरांवर बोट ठेवलं. मी तिला मीटरचा दोष समजावून सांगायला लागलो. ती ऐकत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती, हिच्याकडे बघत होती. तेव्हा ही म्हणाली, "मीटर बरोबर आहे. सकाळी मी असते."

मला आधी कळलंच नाही. मग हिने पर्समधून पाकीट काढलं, त्यातून लायसन्स. पक्कं. गेल्या महिन्याचं. मी शिक्का बघितला, सही बघितली, उजेडात धरून बघितलं. खरं होतं. तीन महिने ही फिरायला म्हणून निघायची आणि चाकवालीच्या गाडीवर शिकायची. लायसन्स मिळाल्यावर हात बसावा म्हणून आमची गाडी न्यायची आणि मी उठायच्या आत आणून लावायची. सीट मागे घ्यायला एकदाच विसरली.

आता इथे मी जे केलं ते लिहिताना लाज वाटते. मला आनंद झाला. म्हटलं, सापडला चोर! तूच घासतेस चाक, शिकाऊ हात, फूटपाथचा अंदाज नाही. लग्नानंतर मी हिला दहा मिनिटं गाडी शिकवली होती, त्यानंतर चार दिवस आमचं बोलणं बंद होतं, तीही आठवण काढली.

चाकवालीने वही माझ्यापुढे धरली आणि बोट एकेका ओळीवर नेलं. सकाळी शाबूत. सकाळी शाबूत. सकाळी शाबूत. सकाळी शाबूत. मग संध्याकाळी पुसलेला, पुसलेला. अठराला मी घरी, शाबूत. एकोणीसला मी वाचनालयात, पुसलेला.

नोकरीत शेकडो पंचनामे लिहिले. इतका बिनतोड एकही लिहिला नव्हता, आणि तो माझ्याच अक्षरात माझ्याविरुद्ध होता.

चाकवाली म्हणाली, "काका, गाडीला काही झालेलं नाही. मी रिम दर आठवड्याला सरळ करून देईन, माझा धंदाच तो आहे. पण तुम्ही डोळे दाखवून या."

मी हिला विचारलं, तुला माहीत होतं? तर म्हणाली, कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं तसं तुमचं झालंय, कागद फिका, दिवे भिकार, मोहरे बिनरंगाचे. नोव्हेंबरमध्ये वळणावर उभ्या माणसाला तुम्ही खांब म्हणालात. तेव्हाच दोनदा म्हटलं डॉक्टरकडे चला, तुम्ही म्हणालात माझी नजर शाबूत आहे. मग मी वाद घातला नाही, शिकायला लागले.

आणि मग म्हणाली, "मला लेकीपर्यंत पोचायचंय हो. आणि तुम्हालाही पोचवायचंय."

राग आला होता तो कुठे गेला कळलं नाही, त्या खांबाचीच भीती वाटत राहिली. तो खांब माणूस होता. दुसऱ्याच्या डोळ्यातल्या कुसळाबद्दलची म्हण मी इथे लिहिणार नाही, ती सगळ्यांना पाठ आहे.

किल्ली मी हिच्या हातात दिली. चाकवाली चहा आणायला आत गेली ती मुद्दाम उशिरा आली.

२१ फेब्रुवारी

डोळ्यांचे डॉक्टर. तक्त्यावरची पहिली ओळ वाचली, दुसरी अंदाजाने सांगितली. डॉक्टर म्हणाले, निम्मी अक्षरं तुम्ही मनाची घातलीत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, फूटपाथकडचा जास्त पिकलेला. ऑपरेशन पुढच्या महिन्यात. तोवर स्टेअरिंगला हात लावायचा नाही.

बुद्धिबळ मंडळाला दिलेला अर्ज मागे घेतला. पंपवाल्याची एकदा माफी मागितलीच आहे. दिव्यांच्या कंत्राटदाराची मनातल्या मनात मागितली. कागदवाल्याचा पत्ता नाही. पोस्टमास्तरला खरं सांगितलं, तर म्हणाला, तरीच तू गेले सहा महिने हरतोयस, मला वाटायचं मी सुधारलो.

२४ फेब्रुवारी

सकाळी सहाला निघालो. मागे पाळणा. वाटेत चाकवाली दुकानाबाहेर उभी होती. मीच तिला खडूची नवी रेघ ओढायला लावली. तिने ओढली, हवा तपासली, हिच्या खांद्यावर थाप मारली आणि मला म्हणाली, काका, वाटेत कमी बोला.

पहिले वीस किलोमीटर मी पायाखालचा नसलेला ब्रेक दाबत होतो. गिअर बदल, हॉर्न दे, जपून, असं चालू होतं. हिने गाडी बाजूला घेतली, उभी केली आणि शांतपणे सांगितलं, गप्प बसायचं असेल तर पुढे बसा, नाहीतर पाळण्याशेजारी. मी पुढे बसलो.

घाटात मी डोळे मिटून घेतले होते. झोप लागली असं हिला सांगितलं. तिला खरं वाटलं नसेल. एका वळणावर समोरून ट्रक आला, हिने गाडी हळू केली, कडेला घेतली, त्याला जाऊ दिलं, पुन्हा निघाली. मी असतो तर आधी त्याला शिव्या दिल्या असत्या. डोळे उघडून बघितलं तर तिची जीभ ओठाच्या कोपऱ्यात होती. सुईत दोरा ओवताना असते तशी. तीस वर्षांत ही बाई मला इतकी आवडली नव्हती, हे तिला सांगितलं नाही, इथे लिहून ठेवतो.

लेक गेटपाशी उभी होती, पोटावर हात ठेवून. आई स्टेअरिंगवरून उतरली हे बघून तिने तोंडावर हात ठेवला आणि रडायला लागली. जावई आधी पाळणा उतरवू की सासूबाईंना नमस्कार करू या घोटाळ्यात सापडला. मी मात्र आधी चाकाशी वाकलो, अगदी नाक टेकेपर्यंत.

मीटर ४८,२७५ ते ४८,४८५. अंतर २१०. खडू शाबूत. चालक : ही.

२७ फेब्रुवारी

एक दिवस आधीच. पहाटे कळा सुरू झाल्या, जावई गोंधळून किल्ली शोधत होता, तोवर हिने गाडी दारात आणून लावलीसुद्धा.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. माझ्या हातात दिली तेव्हा मी तिला नाकाशी नाक येईल इतकी जवळ घेतली. तेवढ्या अंतरावरून मला सगळं स्वच्छ दिसतं. भुवया हिच्यासारख्या आहेत, आत्तापासून ठाम.

नर्स म्हणाली, वजन तीन किलो शंभर ग्रॅम. काटा शेजारीच होता. मी तो तपासायला मागितला नाही.